बहिणीच्या खुनाची फाइल ‘ए समरी’त गेली, आता काय करता येईल?

प्रश्न: माझी धाकटी बहीण २४ वर्षांची होती. तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात कामाला होती. नोव्हेंबर २०२१मध्ये एका संध्याकाळी ती कामावरून घरी आलीच नाही. त्याच रात्री आम्ही मिसिंग दिली. तिसऱ्या दिवशी कॅनॉलच्या कडेला उसात तिचा मृतदेह सापडला. गळा आवळून खून झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. फिर्याद पोलिसांनीच दिली होती. तिचा मोबाइल आजपर्यंत मिळालेला नाही. चार तपासी अधिकारी बदलले. आता ठाण्यात गेलं की ‘ए समरी झाली, फाइल बंद आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. आमच्याकडे एकही कागद नाही. वडील मागच्या वर्षी गेले. आई रोज विचारते, केसचं काय झालं. कुणी म्हणतं सीबीआयकडे द्या, कुणी म्हणतं खासगी डिटेक्टिव्ह लावा, नार्को करा. गावातल्या पोरांनी तिच्या नावाने फेसबुक पेज काढलंय, त्यावर एका माणसाचा फोटोही टाकलाय. मी चाकणला कंपनीत आहे, वकिलाची मोठी फी झेपणार नाही. सुरुवात कुठून करू?
— एक भाऊ, सातारा जिल्हा

उत्तर:

‘फाइल बंद’ हा शब्द आधी मनातून काढून टाका. महाराष्ट्रात पोलीस तपास थांबवताना तीन प्रकारची समरी मागतात. तक्रार जाणूनबुजून खोटी निघाली तर ‘बी’, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची निघाली तर ‘सी’, आणि गुन्हा खरा आहे पण गुन्हेगार सापडला नाही तर ‘ए’. म्हणजे ‘ए समरी’त खुद्द पोलिसांनीच लिहून दिलेलं असतं की तुमच्या बहिणीचा खून झाला आणि तो कुणी केला हे आम्हाला शोधता आलं नाही. धागा हाती लागला की असा गुन्हा पुन्हा तपासावर घेता येतो. खुनाला मुदतीची अडचण नाही. दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ची कालमर्यादा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतीच आहे. समरी मंजूर झाल्यावरही पुढील तपास करता येतो, त्यासाठी आधीचा आदेश रद्द करून घ्यावा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हेमेंद्र रेड्डी खटल्यात २०२३मध्ये स्पष्ट केलं आहे.

मात्र वेळ एका वेगळ्या कारणाने निघून चालली आहे, आणि तिथूनच सुरुवात करायची आहे.

ते कारण म्हणजे मुद्देमाल. तिचे कपडे, गळ्याभोवती काही मिळालं असेल तर ते, पोस्टमॉर्टेममध्ये घेतलेले स्वॅब, नखांची कात्रणं, व्हिसेरा (तपासणीसाठी राखून ठेवलेले आतल्या अवयवांचे भाग), घटनास्थळावरून उचललेल्या वस्तू. प्रकरण निकाली निघालं की मुद्देमालाची विल्हेवाट लावायचा आदेश होऊ शकतो. व्हिसेराची पुढे गरज नाही असं पोलिसांनी कळवलं की रुग्णालयही तो ठेवून घेत नाही. तिच्यावर अंत्यसंस्कार दहनाने झाले असतील तर पुन्हा शवविच्छेदन अशक्य आहे. मग तिच्या शरीराने दिलेला जो काही पुरावा आहे तो एवढाच. म्हणून या आठवड्यात, वकील मिळायची वाट न पाहता, आईच्या सहीने एक पानी अर्ज करा. मजकूर साधा ठेवा: अमुक ठाण्याच्या अमुक गुन्हा रजिस्टर नंबरमधला सर्व मुद्देमाल, जैविक नमुने, व्हिसेरा आणि इलेक्ट्रॉनिक साधनं जतन करावीत, नष्ट करू नयेत, आणि आज ती कुठे व कोणत्या स्थितीत आहेत हे लेखी कळवावं. एक प्रत ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला, एक पोलीस अधीक्षकांना, एक पोस्टमॉर्टेम झालेल्या रुग्णालयाला. हाच अर्ज तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयातही द्या. हाती दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. कुणी शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचवल्याचा पुरावा जपून ठेवा. उद्या वस्तू हरवल्या तर ‘आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं’ हे उत्तर त्यामुळे कुणालाच देता येणार नाही.

दुसरं काम, कागद मिळवणं. एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर सापडू शकेल. लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील एफआयआर तिथे टाकत नाहीत, तसं असेल तर तो न्यायालयातून घ्यावा लागेल. मग ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणं, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकून प्रकरण शोधा. तुम्हाला एकच गोष्ट पाहायची आहे: समरी नुसती दाखल आहे की मंजूर झाली आहे. ‘झाली’ असं ठाण्यात म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ दोन्हींपैकी काहीही असू शकतो, आणि पुढची सगळी वाट त्यावर ठरते.

इथे तुमच्या पत्रातलं एक वाक्य फार महत्त्वाचं आहे: फिर्याद पोलिसांनीच दिली होती. समरीवर निर्णय घेण्याआधी न्यायालयाने फिर्यादीला नोटीस द्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने भगवंत सिंग खटल्यात १९८५मध्ये सांगितलं. त्याच निकालात मृताच्या नातेवाइकांबद्दल म्हटलं आहे की त्यांना स्वतंत्र नोटिशीचा हक्क नाही, पण अहवालावर सुनावणी होत असताना हजर राहून म्हणणं मांडायचा हक्क आहे. तुमच्या प्रकरणात फिर्यादी पोलीस कर्मचारी असल्यामुळे नोटीस त्यांनाच गेली असणार आणि ‘हरकत नाही’ असा जबाबही त्यांनीच दिला असणं शक्य आहे. तुम्हाला कुणी कळवलं नाही ते बहुधा यामुळे. यात तुमची काहीही चूक नाही. अर्जात हे ठळकपणे लिहा, उशीर का झाला याचं ते खरं आणि पुरेसं कारण आहे.

न्यायालयाच्या नक्कल विभागात प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करा. कारकून ‘तुम्ही पक्षकार नाही’ म्हणाले तर आईचं प्रतिज्ञापत्र जोडा: मी मृताची आई आणि कायदेशीर वारस आहे, म्हणून जुन्या संहितेच्या कलम २(डब्ल्यूए) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २(१)(वाय)प्रमाणे ‘पीडित’ आहे. इथून पुढे प्रत्येक अर्जात जुन्या आणि नव्या दोन्ही संहितांची कलमं लिहा. नवी संहिता १ जुलै २०२४पासून लागू झाली, त्याआधीपासून प्रलंबित असलेले तपास जुन्या संहितेप्रमाणे चालतात. तुमचा अर्ज नुसत्या चुकीच्या आकड्यावरून अडकायला नको.

न्यायालयाकडून न मिळालेल्या कागदांसाठी माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप लागतं, मजकूर १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर ठेवावा लागतो, उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणून एकाच अर्जात सगळं कोंबू नका. मुद्देमाल रजिस्टरमधल्या नोंदीसाठी एक, प्रयोगशाळेला पाठवलेल्या नमुन्यांच्या पत्रव्यवहारासाठी दुसरा. ‘तपास चालू आहे’ म्हणून कलम ८(१)(ह)खाली नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला २० रुपये लागतात. नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही, माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे सांगावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७मध्येच म्हटलं आहे. शिवाय एकीकडे फाइल बंद आहे म्हणायचं आणि दुसरीकडे तपास चालू म्हणून माहिती नाकारायची, या दोन्ही गोष्टी एकत्र टिकत नाहीत. अपिलात हे स्पष्ट लिहा.

कागद हाती आल्यावर ते आईच्या हाती थेट देऊ नका. पोस्टमॉर्टेम आणि इन्क्वेस्ट पंचनाम्यात (मृतदेह सापडल्यावर त्याच्या स्थितीचा केलेला पंचनामा) जे वर्णन असतं, जे फोटो जोडलेले असतात, ते एखाद्या आईने तयारीशिवाय पाहावेत असे नसतात. तुम्हीही एकट्याने वाचू नका. वकील किंवा ओळखीतला डॉक्टर शेजारी बसवा, एक वही घ्या, आणि प्रत्येक पानासमोर एकच प्रश्न विचारा: यातून पुढे काय करायला हवं होतं, आणि ते केलं का?

पोस्टमॉर्टेमपासून सुरुवात करा. गळ्यावरची खूण आडवी आहे की तिरपी, पूर्ण वेढा आहे की अर्धवट, कंठमण्याच्या वर की खाली, हे सगळं तिथे नोंदलेलं असतं. दोरी किंवा ओढणीने आवळल्याची खूण साधारणपणे आडवी आणि खालच्या बाजूला असते, गळफासाची तिरपी आणि वर चढत जाणारी. जिभेमागचं हायॉइड हाड मोडलेलं नाही, एवढ्यावरून कुणी गळा आवळलाच नाही म्हणत असेल तर ते चूक आहे. विशीतल्या मुलीत त्या हाडाचे भाग अजून पक्के जुळलेले नसतात, ते लवचिक असतं आणि पुष्कळदा मोडत नाही. मग ‘राखून ठेवलेले नमुने’ हा भाग पाहा: दोन्ही हातांची नखं वेगवेगळी ठेवली का, स्वॅब घेतले का, डीएनएसाठी रक्त किंवा दात घेतला का. काही शंका राहिली तर न्यायवैद्यकशास्त्राच्या दुसऱ्या तज्ज्ञाकडून नोट्स आणि फोटोंवरून लेखी मत घेता येतं. गोव्यात फेब्रुवारी २००८मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर १५ वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला, तेव्हा सुरुवातीला बुडून मृत्यू म्हटलं गेलं. तिच्या आईने हट्टाने दुसरं शवविच्छेदन करून घेतलं आणि अंगावरच्या जखमा नोंदीत आल्या. प्रकरण सीबीआयकडे गेलं, २०१६मध्ये दोन्ही आरोपी सुटले, आणि २०१९मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांतल्या एकाला दोषी ठरवलं. हा सगळा प्रवास आईच्या एका वैद्यकीय प्रश्नावरून सुरू झाला.

पुढे सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा (केमिकल ॲनालायझर) अहवाल. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ‘सीए रिपोर्ट आला, त्यात काही नाही’ असं सांगतात तेव्हा तो बहुतेक व्हिसेराचा असतो, म्हणजे पोटात विष नव्हतं एवढंच त्यातून कळतं. गळा आवळून झालेल्या खुनात त्याचा उपयोग थोडाच. कपड्यांवरचं रक्त, वीर्य वगैरेचा अहवाल वेगळा असतो आणि डीएनएचा त्याहून वेगळा. संशयित नसला की तुलना कुणाशी करायची, या विचाराने नमुने डीएनएसाठी पाठवलेच जात नाहीत. हा विचार चुकीचा आहे. संशयित नसला तरी नमुन्यातून अनोळखी पुरुषाचं प्रोफाइल काढून ठेवता येतं, आणि पुढे जो कुणी संशयाच्या घेऱ्यात येईल त्याच्याशी ते ताडता येतं. अनोळखी प्रोफाइल टाकून शोधावा असा राष्ट्रीय डीएनए साठा भारतात नाही. त्यासाठीचं विधेयक जुलै २०२३मध्ये लोकसभेतून मागे घेतलं गेलं. म्हणून परदेशातल्या बातम्यांसारखं डीएनएवरून थेट नाव निघेल ही आशा धरू नका, पण तुलनेची दोन माणसं जरी असली तरी तपासणी मागण्यासारखी आहे.

मागताना नेमकं मागा. नखांखालच्या नमुन्यात बहुतेक पेशी तिच्याच असतात, म्हणून पुरुषाचा अंश दबून जातो. वाय-एसटीआर तपासणी फक्त पुरुष गुणसूत्रावर चालते आणि तो अंश वेगळा काढू शकते. तिची मर्यादा अशी की वडील, मुलगा, सख्खे भाऊ, चुलते यांचं वाय-प्रोफाइल सहसा एकच येतं. म्हणून तुम्ही स्वतःचा नमुना द्यायला तयार आहात हे अर्जातच लिहा. एका घरात राहिल्यामुळे तिच्या कपड्यांवर तुमच्या किंवा वडिलांच्या पेशी असणं साहजिक आहे, त्या बाजूला काढल्या की उरलेलं प्रोफाइल अर्थपूर्ण ठरतं. दोरी किंवा ओढणी जप्त असेल तर जिथे जोर देऊन धरली असेल ती टोकं आणि गाठ स्पर्श-डीएनएसाठी तपासायला सांगा. गाठ सोडलेली नसावी, दोरी गाठीपासून दूर कापलेली असावी. तसं झालं आहे का ते पंचनाम्यात पाहा.

नमुने खराब कशाने होतात हेही माहीत असू द्या. ओले किंवा रक्ताळलेले कपडे न वाळवता प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले की बुरशी धरते आणि डीएनए तुटत जातो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवणं ही योग्य पद्धत. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतींतून डीएनए काढणं कठीण होतं. पाकिटावरचं सील आणि पाठवणी पत्रावरचा सीलचा नमुना जुळला नाही तर प्रयोगशाळा नमुना परत पाठवते, आणि ठाण्यात कुणी पाठपुरावा केला नाही की तो मुद्देमाल खोलीत पडून राहतो. म्हणून चार तारखा शेजारी शेजारी लिहून काढा: जप्तीची, मुद्देमाल रजिस्टरची, पाठवणीची आणि प्रयोगशाळेत मिळाल्याची. मध्ये मोठी पोकळी असेल तर ती आत्ताच कळलेली बरी.

बॅग, बाटली, दुचाकी अशा एखाद्या वस्तूवर चान्स प्रिंट, म्हणजे अनोळखी बोटाचा ठसा, मिळाली असेल तर ती राज्याच्या ॲम्बिस आणि देशपातळीवरच्या नाफीस या बोटांच्या ठशांच्या संगणकीय प्रणालींवर पुन्हा तपासायला सांगा. नाफीस २०२२मध्ये सुरू झाली. २०२१मध्ये न जुळलेला ठसा आज जुळू शकतो, कारण साठ्यात दररोज नवी माणसं येतात.

आता मोबाइल. कॉल रेकॉर्ड कंपन्यांनी किमान दोन वर्षं ठेवायचे असतात. नोव्हेंबर २०२१चे रेकॉर्ड आज कंपनीकडे मिळण्याची आशा धरू नका. त्यामुळे मुद्दा एकच उरतो: तेव्हाच्या तपासी अधिकाऱ्याने तिचा सीडीआर (कॉल रेकॉर्डची नोंद), तिच्या शेवटच्या लोकेशनचा टॉवर डंप (त्या वेळी त्या टॉवरवर असलेल्या सगळ्या फोनची यादी) आणि संशयितांचे सीडीआर मागवले होते का. मागवले असतील तर ते फाइलमध्ये किंवा सायबर शाखेच्या संगणकावर असतील, आणि त्यांचं नव्याने विश्लेषण होऊ शकतं. आयएमईआय हा १५ अंकी क्रमांक मोबाइलच्या खोक्यावर किंवा बिलावर सापडेल. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात, दोन्ही द्या. हरवलेले फोन शोधण्याच्या, संचार साथीच्या सीईआयआर प्रणालीत तो क्रमांक टाकला आहे का ते विचारा. २०२१मध्ये ही सोय देशभर नव्हती, ती मे २०२३मध्ये आली. कुणी तो फोन पुन्हा वापरला तर माग लागतो, बंद पडून राहिला असेल तर नाही.

तिच्या गूगल, फेसबुक, इन्स्टाग्राम खात्यांत पासवर्ड टाकून स्वतः शिरू नका. तुमच्या लॉगिनने नोंदी बदलतात आणि पुढे बचावपक्ष त्यावर बोट ठेवतो. गूगल दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकू शकतं, त्यामुळे उशीर झालेलाच आहे. तरी काय शिल्लक आहे ते कंपनीकडून मागवण्याची आणि जतन करण्याची विनंती तपासी अधिकाऱ्यांमार्फत लगेच करा. घरच्यांच्या, मैत्रिणींच्या फोनमध्ये तिचे जुने मेसेज, व्हॉइस नोट, फोटो असतील तर ते फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉट काढून समाधान मानू नका, मूळ फोन हाच पुरावा.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ती नोंद कुठल्या साधनातून कशी काढली हे सांगणारा सहीचा कागद, ही कागदोपत्री बाब वाटते, पण तिच्यावाचून खटला कोसळू शकतो. जानेवारी २०१४मध्ये मुंबईत लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरलेली २३ वर्षांची संगणक अभियंता बेपत्ता झाली आणि काही दिवसांनी कांजूरमार्गजवळ तिचा मृतदेह सापडला. स्थानकावरच्या सीसीटीव्ही चित्रीकरणावर खटला मोठ्या प्रमाणात उभा होता. २०१५मध्ये फाशीची शिक्षा झाली, २०१८मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली. आणि २८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची सुटका केली. पुरावा कायद्याच्या कलम ६५बीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे ते चित्रीकरण विचारात घेता आलं नाही, आणि बाकीची साखळी अपुरी ठरली. अकरा वर्षांनंतर त्या मुलीचे आईवडील पुन्हा ‘कुणी मारलं’ या प्रश्नापाशी येऊन थांबले. म्हणून तुमच्या फाइलमधल्या प्रत्येक सीडीआर आणि सीसीटीव्हीमागे प्रमाणपत्र आहे का ते पाहा. नव्या साक्ष अधिनियमात हे कलम ६३ आहे आणि त्यात हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) लागते. आज राहिलेलं प्रमाणपत्र आज मागवता येतं. दुकान बंद पडल्यावर, कंपनीचा अधिकारी निवृत्त झाल्यावर ते मागणं अवघड होऊन बसतं.

एवढं झालं की मूळ अर्ज लिहायचा. समरी अजून मंजूर नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे प्रोटेस्ट पिटिशन, म्हणजे समरीला हरकत घेणारा अर्ज: ए समरी नाकारावी आणि जुन्या कलम १७३(८), नव्या १९३(९)प्रमाणे पुढील तपासाचा आदेश द्यावा. मंजूर झाली असेल तर आधी पोलीस अधीक्षकांना लेखी मागणी करा, प्रत कोल्हापूर परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांना. महिन्याभरात काही हललं नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका. सातारा जिल्ह्यासाठी आता मुंबईला जावं लागत नाही, ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं.

अर्जाचं यशापयश कशावर ठरतं ते सांगतो. ‘पोलिसांनी नीट तपास केला नाही, आम्हाला न्याय द्या’ एवढंच लिहिलेला अर्ज फेटाळला जातो, कारण न्यायाधीशांना त्यातून आदेश काढता येत नाही. त्याऐवजी आठ-दहा मुद्दे, प्रत्येक तीन वाक्यांत: कागदात काय आहे, काय राहिलं, ते आता कसं करता येईल. उदाहरणार्थ: ‘पोस्टमॉर्टेम नोट्सप्रमाणे दोन्ही हातांच्या नखांची कात्रणे राखून ठेवली होती. प्रयोगशाळेला पाठवलेल्या वस्तूंच्या यादीत ती नाहीत. ती मुद्देमालातून काढून वाय-एसटीआर तपासणीसाठी पाठवावीत.’ पुढचा मुद्दा तिला शेवटचं पाहणाऱ्याचा जबाब झाला नसल्याचा, त्यापुढचा टॉवर डंपचा. पान क्रमांक प्रत्येक ठिकाणी. अशा मुद्द्यांना नाही म्हणणं न्यायालयाला कठीण जातं. सोबत मागा की तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा आणि प्रगती अहवाल ठरावीक मुदतीने न्यायालयात यावा. तपासावर देखरेख ठेवण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना आहे, हे साकिरी वसू निकालात २००८मध्ये सांगितलं आहे. नव्या संहितेच्या कलम १९३(३)प्रमाणे ९० दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची असते, त्याचाही उल्लेख करा.

सीबीआयचं म्हणाल तर न्यायदंडाधिकाऱ्यांना तसा आदेश देता येत नाही. तो उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयच देऊ शकतं आणि तेही अपवादाने. आमचं स्पष्ट मत असं की आत्ता तो मार्ग धरू नका. न तपासलेल्या मुद्द्यांची यादी हाती नसताना केलेली याचिका फेटाळली गेली तर पुढचा प्रत्येक दरवाजा जड होतो. यादी तयार झाली की राज्य सीआयडी किंवा विशेष तपास पथकाची मागणी जास्त व्यवहार्य आहे.

नार्कोचं खूळ सोडून द्या. २०१०च्या सेल्वी निकालानंतर ती संमतीशिवाय करता येत नाही आणि त्यातलं बोलणं पुरावा ठरत नाही. खासगी डिटेक्टिव्हबाबत फार सावध राहा. ‘सीडीआर काढून देतो’ म्हणणारा माणूस तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय. २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी याच धंद्यातल्या खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. असा चोरून मिळवलेला कागद तुम्ही न्यायालयात दाखवणार तरी कसा?

आणि ते फेसबुक पेज. पोरांचं प्रेम खरं आहे, पण त्या माणसाचा फोटो आजच काढायला लावा. उद्या एखादा साक्षीदार ‘त्या संध्याकाळी तिच्यासोबत मी याला पाहिलं’ म्हणून पुढे आला आणि ओळख परेड झाली, तर पहिला प्रश्न येईल, ‘फेसबुकवर फोटो पाहिला होता का?’ तिथेच ती ओळख निकामी. शिवाय तो माणूस निर्दोष असेल तर त्याचं आयुष्य उद्ध्वस्त होतं, आणि दोषी असेल तर त्याला सावध करून झालेलं असतं. गुन्ह्यात लैंगिक अत्याचाराचं कलम लागलेलं असेल तर तिचं नाव आणि फोटो छापणं हाही गुन्हा आहे, जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २२८ए, नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. ती आज हयात नाही म्हणून किंवा घरच्यांची हरकत नाही म्हणूनही ती मोकळीक मिळत नाही. पेज ठेवायचंच तर तारीख, ठिकाण, ती शेवटची दिसली ती वेळ आणि माहिती देण्यासाठी तपासी अधिकाऱ्याचा क्रमांक, एवढंच ठेवा.

इतक्या वर्षांनी एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने असते. तेव्हा जे गप्प बसले त्यांची नाती बदललेली असतात. कुणाचा घटस्फोट झाला, कुणी दुकान सोडलं, कुणाचं भाऊबंदकीत फाटलं. दुकानातले तेव्हाचे कामगार, त्या रस्त्याने जाणारे वडापवाले, त्या हंगामातली ऊसतोड टोळी आणि तिचा मुकादम, पाणी सोडणारा पाटकरी यांचे जबाब झाले का ते पाहा. नोव्हेंबर म्हणजे गाळप हंगाम. कुठल्या फडात कुठली टोळी होती याची नोंद कारखान्याच्या शेतकी विभागात शोधायला सांगा. कुणी बोलायला तयार झालं तर तुम्ही त्याचा जबाब घेऊ नका, रेकॉर्डिंग करू नका, काय बोलायचं ते शिकवू नका. पहिल्या आणि नंतरच्या जबाबातला फरक उलटतपासणीत साक्षीदाराला पाडतो. नाव अधिकाऱ्याला द्या आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कलम १६४ (नवं १८३) खाली जबाब नोंदवायची विनंती करा. तो घाबरत असेल तर २०१८च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो.

हे सगळं केल्यावरही खुनी सापडेलच असं आम्ही म्हणणार नाही. परिस्थितीजन्य पुराव्यावर दोषी ठरवायला साखळीतली एकही कडी सुटलेली चालत नाही. पुण्याच्याच शरद सारडा खटल्यात १९८४मध्ये घालून दिलेली कसोटी आजही लागू आहे. पण मुद्देमाल टिकला, नमुने तपासले गेले आणि जबाब पूर्ण झाले, तर आईच्या रोजच्या प्रश्नाला ‘काय केलं, काय निघालं, काय राहिलं’ असं खरं उत्तर देता येईल. आज तेही तुमच्याकडे नाही, आणि ते मिळणं हा तुमचा हक्क आहे.

खर्चाचं. अर्जदार आईला करा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२प्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. मिळालेला वकील लक्ष देत नसेल तर लेखी अर्ज करून बदलून मागता येतो. उच्च न्यायालयासाठीही हीच सोय आहे. तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीचे असाल तर हे पहिल्याच भेटीत सांगा, अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो का ते तपासावं लागेल आणि त्यात अर्थसाहाय्य व तपास अधिकाऱ्याचा दर्जा दोन्ही वेगळे आहेत.

त्याच कार्यालयात भरपाईचा अर्जही द्या. गुन्हेगार सापडला नाही आणि खटला उभा राहिला नाही तरी अवलंबितांना भरपाई मागता येते, जुनं कलम ३५७ए(४), नवं ३९६(४). महिला पीडितांसाठीच्या नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) २०१८च्या योजनेत मृत्यूसाठी ५ ते १० लाख रुपयांची तरतूद आहे. मुदत उलटली असेल तर वडिलांचं निधन आणि समरीची नोटीस न मिळणं ही कारणं लिहून उशीर माफ करायची विनंती जोडा. सोबत एफआयआर, पोस्टमॉर्टेम अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, आईचं बँक पासबुक आणि बहिणीच्या पगारावर घर चालत होतं हे दाखवणारं काहीही, दुकानाची पगाराची चिठ्ठी किंवा खात्यातल्या नोंदी. हे पैसे घेतले म्हणजे केस सोडली असं गावात कुणी आईला सांगेल. तसं नाही. भरपाईचा अर्ज आणि पुढील तपासाचा अर्ज एकाच दिवशी देता येतात आणि एकाचा दुसऱ्यावर काही परिणाम होत नाही.